बन्सी महाराजांची पाठ

फोटो आला तो नव्या कोऱ्या टॉवेलात गुंडाळून, प्रेमराजच्या मांडीवर बसून. पारोळ्याहून जळगावपर्यंत एसटीत आणि पुढे रिक्षात त्याने तो एकदाही खाली टेकवला नव्हता. पिंप्राळ्यातल्या गल्लीत रिक्षा थांबली तेव्हा चैत्राचं ऊन असं काही पसरलं होतं की समोरच्या किराणा दुकानाची पाटी पाण्याखाली असल्यासारखी हलत होती. प्रेमराजने चपला फाटकाबाहेरच काढल्या आणि म्हणाला, "वहिनी, आधी पाट मांडा. महाराज आलेत."

दिपमालाने पाट मांडला. खाली रांगोळीची दोन बोटं ओढली. तिच्या सासूबाई धुरपदाबाई, म्हणजे सगळ्यांच्या अक्का, आतल्या खोलीतून भिंत धरत आल्या. आता त्यांची कंबर पार वाकली होती. त्यांनी पाटासमोर डोकं टेकलं आणि प्रेमराजला अहिराणीत विचारलं, "जेवीसन जाशी ना रे?"

प्रेमराज अक्कांच्या माहेरगावचा, तिथल्या भजनी मंडळाचा अध्यक्ष. आणि फोटोतले बन्सी महाराज म्हणजे अक्कांचे वडील. त्यांना जाऊन सत्तरेक वर्षं झाली असतील, पण पारोळ्याच्या त्या बाजूला त्यांच्या कीर्तनाची आठवण अजून निघते. लहानपणी हाडांच्या कसल्याशा दुखण्याने पाठ वाकली, तिच्यावर कुबड आलं, आणि उंची जी थांबली ती मृदंगवाल्याच्या खांद्याशी. पण जीभ? जीभ म्हणजे दांडपट्टा. पूर्वरंगात देवाच्या पायाशी लोळण घेणारा हा माणूस उत्तररंगात उभा राहिला की पाटलापासून पुजाऱ्यापर्यंत एकेकाची पगडी उडवायचा. एका सावकाराने मोठ्या भक्तिभावाने पुढच्या रांगेत बैठक मारली होती. महाराजांनी टाळ थांबवून नुसतं म्हटलं, "माळ गळामा, डोया दुसराना खळामा." माळ गळ्यात आणि डोळा दुसऱ्याच्या खळ्यावर. लोक हसून हसून आडवे झाले. आणि सांगतात की पुढच्या वर्षी तोच सावकार महाराजांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आला. बोचलं तरी गोड लागावं असं बोलणं देव फार थोड्यांना देतो.

त्यांचा फोटो मात्र कोणी काढला नव्हता. ते गेल्यावर पहिल्या पुण्यतिथीला त्यांचे टाळकरी मोतीलालभाऊ धुळ्याला गेले आणि एका फ्रेमवाल्याकडून हा फोटो घेऊन आले. बारीक चेहरा, मोठाले डोळे, डोक्याला सैल फेट्यासारखं काहीतरी, गालाला टेकलेली बोटं, आणि आता एक चरण सुचणारच आहे असे ओठ. कुठून मिळाला, असं कोणी विचारलं की मोतीलालभाऊ म्हणायचे, "मियना. महाराजसनीच दिधा समजा." गावाने हात जोडले. तेव्हापासून दर सप्ताहात तो फोटो वीणेच्या मागे बसतो. त्याला हार, बुक्का, नैवेद्य, सगळं.

आता मंडळाने महाराजांची पितळी मूर्ती करायची ठरवली होती. धुळ्याच्या समाधान मूर्तिकाराला स्वच्छ फोटो हवा होता, काचेशिवाय. "तुमच्या मोबाइलवर चांगला निघंल," प्रेमराज म्हणाला. "आणि अक्कांची परवानगी. काल्याच्या दिवशी अक्कांच्या हातून समाधानला नारळ द्यायचा. एकदा नारळ दिला की मग बदल नाही. आपल्याकडे तसंच आहे."

दिपमालाने फ्रेमच्या मागचे खिळे सुरीच्या टोकाने उचकटले. सत्तर वर्षांचा बुक्का, कापूर आणि जुन्या कागदाचा वास एकदम बाहेर आला. काच बाजूला झाली. धुराच्या पडद्याआड राहिलेला चेहरा पहिल्यांदाच उजेडात आला, आणि दिपमालाच्या हातातली सुरी तशीच राहिली.

ती जळगावच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. दर वर्षी या दिवसांत ती अठराव्या शतकातल्या एका इंग्रज कवीवर बोलते. त्याच्या उपरोधाच्या कवितांनी लंडनच्या मोठमोठ्या माणसांची झोप उडवली होती. मागच्याच महिन्यात तिने मुलांना दाखवायला एका विलायती संग्रहालयाच्या वेबसाइटवरून त्याची चित्रं गोळा केली होती. तीच टोपी. तेच डोळे. गालाला टेकलेली तीच बोटं. खाली इंग्रजी अक्षरांची ओळ कोणीतरी कात्रीने कापलेली होती, त्यांची नुसती डोकी शिल्लक होती.

"काय झालं वहिनी? कसर लागली का?"

"नाही," दिपमाला म्हणाली. "चांगला राहिलाय."

तिने फोटो काढला, काच पुसली, खिळे पुन्हा ठोकले. प्रेमराज जेवून, ढेकर देऊन, महाराजांना परत टॉवेलात घेऊन गेला. अक्का देवघरापाशी जाऊन बसल्या. तिथे भिंतीवर त्याच फोटोची लहान नक्कल होती. रोज सकाळी त्या तिला गंध लावत; गंधाने आणि उदबत्तीच्या धुराने तिच्यातला चेहरा ओळखू येण्यापलीकडे गेला होता.

दुपारी पंख्याखाली दिपमालाचा डोळा लागला. कूलरचं पाणी थेंब थेंब वाजत होतं आणि त्या आवाजाचे हळूहळू टाळ झाले. तिला दिसलं की सप्ताहाची पंगत बसली आहे, केळीच्या बागेत, हिरव्या अंधारात. ओळीने सगळी त्या कवीचीच चित्रं बसली होती. कोणी टोपीत, कोणी केसांच्या टोपात, कोणी डोक्याला पानांचा मुकुट घालून, कोणी संगमरवराचा. सगळ्यांसमोर पत्रावळ्या होत्या. पण सगळे छातीपाशी संपत होते. मांडीच नाही, तर मांडी घालणार कशी? ते तसेच पत्रावळीच्या वर तरंगत होते आणि लाजून एकमेकांकडे बघत होते. अक्का वरणाची बादली घेऊन वाढत निघाल्या होत्या. वाढता वाढता प्रत्येकाच्या मागे डोकावून पाहत होत्या. मागे नुसता खिळा होता आणि भिंत.

ती जागी झाली तेव्हा खोलीभर बुक्क्याचा वास होता. फ्रेम उघडली तेव्हाचा असेल. पण गेली कित्येक वर्षं वर्गात त्या कवीचं पान उघडलं की तिला असाच वास यायचा, आणि हा वास इथे कसा, म्हणून ती खिडकीकडे पाहायची. आज तिला त्या वासाचं घर सापडलं होतं, आणि सापडल्याची भीती वाटत होती. अक्कांना सांगायचं तर कसं? म्हातारपणी त्यांच्या भिंतीवरून त्यांचा बाप काढून घ्यायचा? आणि न सांगावं तर पितळेत कायमचा परका चेहरा ओतला जाणार.

चार दिवसांनी नमुना पाहायला ती प्रेमराजबरोबर धुळ्याला गेली. समाधानचा कारखाना पारोळा रोडला, पत्र्याच्या शेडमध्ये. ओल्या कापडाखाली हातभर उंचीचा मातीचा नमुना झाकलेला होता. समाधानने कापड काढलं आणि प्रेमराजचे हात आपोआप जुळले. "वा! साक्षात महाराज!"

मातीचे महाराज ताठ उभे होते. छाती भरदार, खांदे पैलवानासारखे, हातात वीणा, आणि वर तो नाजूक विलायती चेहरा. दिपमाला त्यांच्या मागे गेली. पाठ भिंतीसारखी सपाट होती.

"दादा, महाराज वाकलेले होते ना?"

समाधानने प्रेमराजकडे बघितलं. "मला फोटोत जेवढं दिसलं तेवढंच मी घेतलं ताई. खालचं मंडळाने सांगितलं."

"अहो वहिनी," प्रेमराज आवाज खाली आणत म्हणाला, "आता देवळात कुबड मांडायचं का? बाहेरगावचे लोकं येतील, लहान पोरं हसतील. महाराज होते तसे होते. मूर्ती कशी, डौलदार पाहिजे. आणि फोटोत कुठंय कुबड? दाखवा ना."

फोटोत कुबड नव्हतंच. दिपमालाला एकाएकी उमगलं की का नव्हतं. तो इंग्रज कवीही वाकलेला होता. लहानपणच्या हाडांच्या आजाराने त्याची उंची खुंटली होती, पाठीला बाक होता, जाड कापडाचा पट्टा आवळल्याशिवाय त्याला उभं राहता येत नसे. त्याच्या काळात त्याच्याइतकी चित्रं क्वचितच कोणाची निघाली असतील, पण चित्रकार जवळपास सगळे त्याला छातीशी कापायचे. कोणी प्रेमापोटी, कोणी भिडेपोटी. त्याचे शत्रू तेवढे त्याचं कुबड आठवणीने काढायचे. परतताना एसटीच्या खिडकीतून ती बाहेर बघत बसली. नांगरलेली काळी रानं उन्हात तरंगत मागे जात होती. एकाला चित्रकारांनी झाकलं, दुसऱ्याला आता मंडळ झाकतंय, असं तिला वाटत राहिलं. दोघांची ओळख देवाने धुळ्याच्या एका फ्रेमवाल्याच्या दुकानात का करून दिली असेल, हे मात्र तिला कळेना.

दिवेलागणीला ती घरी पोचली. नवरा, ज्ञानेश्वर, नरडाण्याच्या कारखान्यात, तो शनिवारीच येणार. घरात दोघीच. अक्कांनी निरांजन लावलं आणि पाठ न वळवताच विचारलं, "मूर्ती दखी का? पाठ कशी करी त्यानी?"

दिपमाला चपापली. चेहऱ्याचं आधी विचारतील असं तिला वाटलं होतं.

"सरळ केलीय अक्का."

अक्का निरांजनाच्या ज्योतीकडे बघत राहिल्या. मग हसल्या, पण ते हसणं अर्ध्यावर थांबलं. "मंग तो मना आबा नही. आते तुले सांगस. मी रोज या फोटोले म्हनस, आबा, जरासं फिर ना. पाठ दखाड. तो काही फिरत नही."

"पाठ का अक्का?"

"कारन मी पाठच दखेल शे." अक्का देवघराला टेकून बसल्या. "कीर्तनमा मी त्यासना मांगे बसू. पान्यानी लोटी धरीसन. बठ्ठं गाव समोरथून त्यासले दखे, मी मांगथून. त्या हासाडेत ना लोकेसले, तवय पाठ आशी हाले. देवनं नाव ली ऱ्हायनात की थांबी जाये. रातले घर येताना त्या माले पाठवर लेत. त्या कुबडवर डोकं ठेवाले जागा व्हती, गादीसारखी. मी तठेच झोपी जाऊ." त्यांनी निरांजनाची वात पुढे सारली. "आबा गयात तवय मी सात-आठ वरीसनी. तोंड माले यादच नही ऱ्हायनं, दिपमाला. लोकेसनी फोटो आना, म्हनेत हाऊ तुना बाप. मी म्हंतं, व्हई."

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला, कोणाच्या तरी स्कूटरवर पोरं ओरडत गेली. दिपमाला त्यांच्याजवळ जाऊन बसली. एवढं ऐकल्यावर गप्प राहणं तिला खोटं वाटायला लागलं.

"अक्का, रागवू नका. तो फोटो आबांचा नाही."

अक्कांनी मान वर केली.

"तो एक इंग्रज कवी आहे. तीनशे वर्षांपूर्वीचा. मी त्याला कॉलेजात शिकवते." तिने नाव सांगितलं. अक्कांच्या जिभेवर ते बसेना, त्यांनी दोनदा प्रयत्न करून सोडून दिलं.

"काय करे तो?"

"कविता. मोठ्या लोकांची टर उडवायचा. त्याचं एकेक कडवं सुईसारखं टोचायचं. उंचीने लहानसा होता. आणि..." दिपमाला अडखळली. "त्यालाही कुबड होतं अक्का."

अक्कांनी फोटोकडे मान वळवली. निरांजनाचा उजेड भिंतीवरच्या त्या चेहऱ्यावर हलत होता. मग त्यांच्या तोंडाला पदर गेला. दिपमालाला वाटलं, रडताहेत. पण खांदे हलत होते ते हसण्याने. "अव माय! मोतीलालभाऊनी इंग्रज उचली आना! आनि त्यानी बी सत्तर वरीस आपला नैवेद्य खाधा, हुंकं नही का चुंकं नही!"

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटनं ना." हसू ओसरलं. "आपला समजीसन रोज गंध लावं. पन त्याना काय दोष? तो काय म्हने, माले लावा?" आणि मग एकदम, लहान मुलीसारखं, "त्यानी पाठ शे का कोठे? कोनी काढेल शे?"

दिपमालाने मोबाइल उघडला. त्या सगळ्या चित्रांत एकच रेखाटन वेगळं होतं. एका चित्रकाराने कवी कोणाशी तरी बोलण्यात गुंगला असताना, त्याच्या नकळत ते काढून घेतलं होतं. लाल खडूच्या चार रेघा. लहानसा माणूस उभा, बाजूने दिसणारा. आखूड पाय, पुढे आलेली मान, आणि पाठीवरचा तो गोल डोंगर. लपवाछपवी नाही, कुचेष्टाही नाही.

अक्कांनी मोबाइल दोन्ही हातांत धरला. पडदा विझला की दिपमाला बोट लावून तो पुन्हा उजळत होती. अक्कांचा अंगठा त्या लाल रेघेवरून मानेपासून कमरेपर्यंत गेला, परत वर आला, परत खाली.

"आशीच," त्या म्हणाल्या. "जराशी डावीकडे जास्त व्हती आबासनी. पन आशीच."

काल्याच्या दिवशी अक्का दिपमालाला घेऊन माहेरी आल्या. सप्ताहाचा मांडव भरून गेला होता. काल्याचं कीर्तन रंगलं, दहीहंडी फुटली, दह्या-लाह्यांचे हात सगळ्यांनी एकमेकांच्या डोक्याला पुसले. कीर्तनकार बुवा घाम पुसत बाजूला बसले. वीणेच्या मागे हार घालून फोटो होता, आणि त्याच्या शेजारी, ओल्या कापडाखाली, समाधानने टेम्पोतून आणलेला मातीचा नमुना. प्रेमराजने माइक घेतला, "रामकृष्णहरी" म्हटलं आणि नारळ अक्कांच्या ओंजळीत दिला. समाधान पुढे येऊन हात पसरून उभा राहिला.

अक्कांनी नारळ दिला नाही.

"आधी पाठ कर," त्या म्हणाल्या. माइक जवळच होता, मांडवभर ऐकू गेलं.

प्रेमराज खाली वाकला. "अक्का, लोकं बघताहेत. आपण मागून बोलू."

"मांगथून काय बोलतस? मी मांगथूनच बोली ऱ्हायनू." अक्का लोकांकडे वळल्या. "आयका रे. फोटोमाधला हाऊ मना आबा नही शे. हाऊ इंग्रज कवी शे. मनी सून शिकाडस त्याले, तिले पुसा."

सगळ्या नजरा दिपमालाकडे वळल्या. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती उभी राहिली, आणि वर्गात सांगावं तसं दोन वाक्यांत सांगितलं. लोकांची मान खाली जाईल, अशी तिला धास्ती होती. पण पहिल्या रांगेत लोडाला टेकून बसलेले छगननाना, गावातले सगळ्यांत म्हातारे, काठी आपटून म्हणाले, "मंग व्हयनं काय? दीडशे वरीस त्यासनी आपले चुना लावा, आपन त्याले बुक्का लावा!"

मांडव हसून फुटला. बायका पदर तोंडाला लावून एकमेकींवर पडल्या. त्या हसण्यात बन्सी महाराजांच्या कीर्तनाची काहीतरी जुनी चव होती, असं दिपमालाला वाटलं. तिने ते कधी ऐकलं नव्हतं, तरी वाटलं.

"पण अक्का," हसू थांबल्यावर प्रेमराज रडवेला होऊन म्हणाला, "मग आता मूर्ती कशावरून करायची? होता नव्हता तो फोटोही गेला!"

"फोटो कोठे गया? तो पाव्हना शे, ऱ्हाऊ दे तठेच. तोबी कुबडाच व्हता, बिचारा. त्यालेबी कोनी पाठ दखाडू दिधी नही." अक्कांनी नारळ दिपमालाच्या हातात दिला आणि वीणेकऱ्याला म्हणाल्या, "दे रे जरासी."

वीणेकऱ्याने वीणा त्यांच्या गळ्यात घातली. अक्का दोन पावलं पुढे आल्या आणि मांडवाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. म्हातारपणाने वाकलेली कंबर त्यांनी आणखी थोडी वाकवली, डावा खांदा वर घेतला, मान पुढे काढली. वीणेचा दांडा तिरका होऊन डोक्यावरून वर निघाला. कोणीतरी म्हातारी बाई बायकांतून "अव मायवं!" म्हणाली आणि गप्प झाली.

"आशा उभा ऱ्हायेत आबा," अक्का समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "दख, समाधान. मी थकाना आधी दखी ले."

समाधानने प्रेमराजची परवानगी विचारली नाही. त्याने नमुन्यावरचं कापड काढलं, खाली बसला, आणि दोन्ही अंगठे मातीच्या छातीवर ठेवून दाबले. भरदार छाती आत गेली. मग त्याने मातीचा एक गोळा घेतला आणि पाठीवर बसवला, थापला, डावीकडे थोडा जास्त. मृदंगवाल्याने कुणाच्या सांगण्याशिवाय अगदी हलका ठेका धरला. प्रेमराज दोन-तीनदा काहीतरी बोलायला गेला. शेवटी त्याने शेजारचा तांब्या उचलला आणि माती सुकू नये म्हणून ओंजळीने पाणी शिंपायला लागला.

"खांदा बरोबर आहे का अक्का?"

"माले दखायत नही. दिपमालाले पुस."

"आणखी थोडा वर, दादा," दिपमाला म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर लाल खडूची ती रेघ होती आणि अक्कांची पाठ होती, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत होत्या.

वाकवता वाकवता मातीचं तोंड समाधानच्या तळव्याखाली चेपलं. विलायती नाक गेलं, ओठ गेले. राहिला नुसता ओला गोळा.

"तोंडाचं काय करू?" त्याने विचारलं.

"माले ठाऊक नही," अक्का म्हणाल्या. "मी मांगे बसू."

तेव्हा पहिल्या रांगेतून काठीचा आवाज आला. छगननाना उठत होते. दोघांनी त्यांना धरून आणलं, समाधानशेजारी बसवलं.

"मी समोर बसू," नाना म्हणाले. "दहा वरीसना व्हतू. फोटो आना तवय मी म्हनेल व्हतू, नाक आशं नही त्यासनं. मोतीलालभाऊनी माले कानफडात मारी. मंग मी बी म्हंतं, व्हई, हेच महाराज." त्यांनी बोट त्या ओल्या मातीकडे नेलं. "नाक बसकं कर. आजून. हां. खालेथून रुंद."

समाधानच्या अंगठ्याखाली नाक उमटलं. मांडवातले लोक पुढे पुढे सरकत होते. अक्का वीणा घेऊन तशाच पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्या थकायला लागल्या तशी दिपमालाने मागून जाऊन त्यांच्या कमरेला हाताचा आधार दिला. नारळ दुसऱ्या हातात होताच.

"आनि डोया, छगनभाऊ?" अक्कांनी मान न वळवता विचारलं. "आबासना डोया कशा व्हतात?"

छगननानांनी स्वतःचे डोळे मिटले. मृदंगाचा ठेका आणखी हळू झाला.

"थांब," ते म्हणाले. "आठवू दे."